वाचून दाखवणारे आणि वाचणारे

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक शाळेच्या दारात संपते. या नाटकाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. पण ते जेथे संपते त्या जागेविषयी फारसे बोलले गेलेले नाही. येडशीच्या आमच्या वस्तीत प्रौढांचा रात्रीचा वर्ग चालवताना मला ही जागा वारंवार आठवत राहिली, आणि त्या वर्गाने मला या नाटकाकडे नव्याने पाहावयास लावले. म्हणून हे टिपण.

नाटकाचा आशय बहुतेकांना ठाऊक आहे. एक जोशी गरोदर कुणबिणीच्या दारात येतो आणि तिला ग्रहांची भीती घालतो. पोटातल्या लेकराच्या काळजीने नवराबायको जप, अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन यांत घामाचा पैसा ओततात. विदूषक मध्येच तोंड घालून जोशाचे बिंग फोडत राहतो. शेवटी पाद्र्याशी झालेल्या वादातून या जोडप्याचे डोळे उघडतात आणि ती दोघे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करतात. नाटक १८५५ सालचे, आणि फुल्यांची ती रात्रशाळाही त्याच सालची. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीतील भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, हे त्यांनीच पुढे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवले आहे. नाटक छापले गेले ते १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये. म्हणजे जे नाटक वाचायला शिका म्हणून सांगते, तेच वाचकांपर्यंत पोचायला १२४ वर्षे लागली.

समीक्षकांनी या नाटकाला प्रचारकी म्हटले. दलित साहित्यावरही हाच आरोप झाला, तेव्हा त्यात नवल नाही. परंतु प्रचार कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे. शिक्षणाचे गोडवे गाणारे पुष्कळ लेखन त्या काळात झाले. जोतीराव मात्र शिक्षणाची महती सांगून सुरुवात करीत नाहीत. ते सुरुवात करतात फसवणुकीपासून. जोशाच्या हातात पंचांग आहे आणि त्यात काय लिहिले आहे हे समोरच्या बाईला कळत नाही. सारे नाट्य या एका विषमतेवर उभे आहे. जोशी विद्वान आहे म्हणून तो बलवान नाही. समोरची माणसे वाचू शकत नाहीत म्हणून तो बलवान आहे. त्याची सत्ता ज्ञानाची नव्हे, वाचून दाखवण्याची आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मी वस्तीतला पहिला पदवीधर. दहावीत असल्यापासून लोक माझ्याकडे कागद घेऊन येत आले आहेत. तलाठ्याची नोटीस, रेशनचा अर्ज, बँकेचे पत्र, दवाखान्याचा केसपेपर. मी वाचून दाखवीत असे. लोक मान डोलावीत. चहा येई. प्राध्यापक झाल्यावर हा मान आणखी वाढला. तो मला आवडत होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

२०२३ च्या पावसाळ्यात आम्ही समाजमंदिरात वर्ग सुरू केला. मानधन नाही, सक्ती नाही. बारा-तेरा बाया आणि तीन-चार बापे. मी फळ्यावर अननसाचा ‘अ’ काढला. आमच्या डोंगरपट्ट्यात अननस कोणी लावत नाही. पण सगळ्यांनी निमूटपणे तो गिरवला. महिनाभर असे चालले. मग एके दिवशी माझी चुलती कमरेची पिशवी सोडून एक पिवळे कार्ड घेऊन पुढे आली. बचतगटाच्या नावाने दिलेल्या एका खाजगी कंपनीच्या कर्जाचे ते हप्त्याचे कार्ड होते.

“बापू, तुजा पाच येगळा अन् ह्यो पाच येगळा,” ती म्हणाली. “नोटंवर ह्योच असतोय. मोबाइलात बी ह्योच.”

तिचे खरे होते. मी देवनागरी आकडे शिकवीत होतो. कार्ड, नोट, मोबाइल आणि एसटीची पाटी सगळीकडे इंग्रजी आकडे होते, आणि ते तिला माझ्या वर्गात येण्याआधीपासून ओळखता येत होते. मी ज्यांना निरक्षर समजत होतो त्यांची अर्धी अक्षरओळख माझ्या हिशेबातच नव्हती. पुढे तिने विचारले, “धा हप्ते फेडले, तरी ही बाकी कशी कमी हुईना?”

मी कार्ड पाहिले. मलाही उलगडा झाला नाही. मी म्हणालो, “कागदावर तसंच आहे, काकू. नियम असेल.”

“कागदावर हाय म्हणूनच तर इचारलं,” ती म्हणाली.

त्या रात्री मला ‘तृतीय रत्न’ आठवले, आणि त्यातला मी कोण हेही कळले. मी स्वतःला पाद्री समजत होतो. फार तर विदूषक. पण ‘ग्रहच तसे आहेत’ आणि ‘कागदावर तसंच आहे’ या दोन वाक्यांत फरक तो काय? पंचांगाची जागा कागदाने घेतली आणि जोशाची जागा मी. मी दक्षिणा घेत नव्हतो एवढेच. चहा घेत होतो.

कोणता कागद कोणाला वाचता येईल हे राजवट ठरवते, ही गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला वेगळी सांगावी लागू नये. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. मराठी शिकलेला माणूसही आपल्या जमिनीच्या कागदापुढे अडाणीच असे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती धावाधाव झाली हे आपण पाहिले. त्या कागदांपुढे कलेक्टर आणि मजूर सारखेच निरक्षर होते. पण कलेक्टरला कोणी अंगठाबहाद्दर म्हटले नाही. तो शब्द राखून ठेवलेला आहे तो ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला शिवू दिले नाही त्यांच्यासाठी. गुन्हा करणाऱ्याचे नाव नाही, आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला मात्र टोपणनाव, अशी ही भाषा आहे.

निरक्षर म्हणजे अज्ञानी, हे समीकरणही तपासून पाहिले पाहिजे. येडशीच्या जवळच कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. त्या मंडपात बसलेल्या किती जणांना अक्षरे येत होती? तरीही वतन म्हणजे मान नव्हे, दावे आहे, हे त्यांना कळले. जलशांनी, सभांनी, जात्यावरच्या ओव्यांनी हे ज्ञान घरोघर नेले. अक्षराच्या आधी जाणीव आली. ज्या साक्षरतेला ही जाणीव दिसत नाही, ती प्रौढ माणसाला बालवाडीत बसवते.

आपल्याकडच्या मोहिमांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. या मोहिमांत काम करणाऱ्या हजारो कार्यकर्त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण त्यांची शेवटची रेघ बहुधा सहीपाशी ओढली गेली. नव्वदच्या दशकात माझी आई अशाच एका वर्गात सही करायला शिकली. घरात आनंद झाला. पुढे तिने एका कागदावर सही केली. त्यात काय लिहिले आहे हे तिला वाचता येत नव्हते. ती जामीनदार झाली होती. अंगठा असता तर चार लोक म्हणाले असते, बाई अडाणी, तिला फसवले. सही असल्यामुळे म्हणाले, तिने स्वतः सही केली आहे. अर्धे अक्षर माणसाला सोडवत नाही. कित्येकदा ते अधिक घट्ट बांधते.

२०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम आखलेला आहे. तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. त्यात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा आहे. कार्यक्रमात कायदेविषयक आणि आर्थिक साक्षरतेचाही उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. पण महाराष्ट्रात ती परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. मार्चमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो. उचल घेऊन कोयत्यावर गेलेले आमच्या जिल्ह्यातले जोडपे त्या दिवशी फडात असते, शाळेत नव्हे. ज्याला मुकादमाच्या वहीतला हिशेब वाचण्याची सर्वांत अधिक गरज, तोच परीक्षेच्या दिवशी गावात नाही. साक्षरतेचे वेळापत्रक कोणाच्या आयुष्याकडे पाहून केले जाते, हा प्रश्न मी येथे फक्त मांडून ठेवतो.

आता पुन्हा १८५५ सालाकडे. त्याच वर्षी ‘ज्ञानोदया’त फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ‘तृतीय रत्न’ शाळेच्या दारात थांबते. मुक्ता दाराच्या आत बसून लिहिते. आणि हाती अक्षर आल्यावर ती सर्वप्रथम काय करते? आभार मानून थांबत नाही. ज्या वेदांना हात लावण्याची आम्हांला मुभा नाही ते आमचे कसे, आणि मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती करते. नाटकाने जो अंक लिहिला नाही, तो या मुलीने लिहिला. माझ्या मते ही दोन लेखने एकत्र वाचल्याशिवाय फुल्यांचा शिक्षणविचार पुरता हाती लागत नाही. पहिले सांगते, फसवणूक ओळखली की माणूस शाळेकडे वळतो. दुसरे सांगते, शाळा खरी असेल तर तेथून माणूस प्रश्न घेऊन बाहेर पडतो.

नाटकाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यातल्या जोडप्याला सत्य कळते ते पाद्र्याच्या तोंडून. बाहेरचा कोणी येतो, वाद जिंकतो आणि मग यांचे डोळे उघडतात. जोतीरावांच्या काळात ते स्वाभाविक असेल. पण आपण शिकलेली माणसे अजून त्या पाद्र्याची भूमिका सोडायला तयार नाही. माझ्या चुलतीला कोणी पाद्री भेटला नव्हता. बाकी कमी होत नाही, हे तिने स्वतः हेरले होते. तिला माझ्याकडून ज्ञान नको होते. अक्षर हवे होते.

तेव्हापासून आम्ही अननस सोडला. आता प्रत्येकाने आपापला कागद आणायचा आणि त्यावरून शिकायचे. पहिला धडा त्या पिवळ्या कार्डाचा झाला. ‘व्याज’, ‘विमा’, ‘बाकी’ हे तीन शब्द सगळ्यांनी गिरवले. हिशेब मांडता मांडता रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश हाती आले. सूक्ष्म कर्ज घेणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत कार्ड द्यावे आणि त्यावर व्याजाचा एकूण दर लिहावा, असे ते सांगतात. ही ओळ मी वाचून दाखवली नाही. ती फळ्यावर लिहिली आणि वाट पाहिली. सव्वा तास लागला. चुलतीने ती शेवटपर्यंत वाचली. पुढच्या बैठकीत तिने वसुलीला आलेल्या पोराला विचारले, “मराठी कार्ड कुठंय आमचं?” साहेबांना विचारून सांगतो, असे तो म्हणाला. अजून त्याने सांगितलेले नाही. आणि तिनेही विचारणे सोडलेले नाही.

हल्ली माझ्या दारात कागद घेऊन येणारे कमी झाले आहेत. चहाही कमी झाला आहे. प्रथम मला चुकल्यासारखे वाटले, हे लपवीत नाही. या नियतकालिकाचे वाचक शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, पदवीची पहिली पायरी चढलेले विद्यार्थी आहेत. आपल्यापैकी प्रत्येक जण आपापल्या वस्तीचा वाचून दाखवणारा आहे. ती सेवा आहे असे आपण मानतो, आणि काही काळ ती असतेही. पण ज्या दिवशी ती आपल्याला आवडू लागते, त्या दिवशी जोतीरावांचा जोशी आपल्या ओसरीवर येऊन बसलेला असतो. त्याला उठवायचे तर समोरच्या माणसाच्या हातात कागद परत द्यावा लागेल, आणि तो अडखळत वाचत असताना गप्प बसावे लागेल.