भाला फेकता येतो, पण फेकला होता का?

भाला हातात धरून खुपसायचा की लांबून फेकायचा? प्रश्न साधा वाटतो, पण निअँडरथल माणसाची आपल्या मनातली अख्खी प्रतिमा त्यावर उभी आहे. खुपसायचा असेल तर जनावराच्या अंगाशी भिडावं लागतं. मग लगेच निष्कर्ष निघतो : ताकद भरपूर, डोकं बेताचं. फेकायचा असेल तर नेम आला, अंतराचा अंदाज आला, आणि हाच माणूस एकदम हुशार ठरतो. म्हणून आज या विषयावरच्या एका गाजलेल्या प्रयोगाची जरा चिकित्सा करू.

आधी पार्श्वभूमी. जर्मनीतल्या शोनिंगेनच्या कोळसा खाणीत १९९० च्या दशकात हार्टमुट थिमे यांच्या चमूला लाकडी भाले मिळाले, सोबत घोड्यांची ढीगभर हाडं. थिमे यांनी १९९७ मध्ये त्यांचं वय ४ लाख वर्षं सांगितलं, पुढे ते ३ लाखांवर आलं, आणि २०२५ च्या एका अभ्यासानुसार ते २ लाखांच्या आसपास असावं. थिमे यांचं म्हणणं होतं, की या भाल्यांचं वजन पुढच्या बाजूला जास्त आहे, म्हणजे ते फेकण्यासाठीच घडवलेत. इथे थोडं थांबा. भाल्याचं टोक झाडाच्या बुंध्याकडच्या टणक लाकडातून काढलंय. बुंधा शेंड्यापेक्षा जाड असतोच! म्हणजे टणक टोक हवं म्हणून ही बाजू निवडली, की वजन पुढे हवं म्हणून, हे नुसता तोल बघून कसं ठरवणार?

आता प्रयोग. २०१९ मध्ये ॲनेमीके मिल्क्स आणि सहकाऱ्यांनी यातल्या एका भाल्याच्या प्रतिकृती सहा भालाफेकपटूंच्या हातात दिल्या. वजनं ७६० आणि ८०० ग्रॅम. पुरुषांच्या स्पर्धेतला भाला कमीत कमी ८०० ग्रॅमचा असतो, तेव्हा तुलना छान जमते. खेळाडूंनी २० मीटरवरचं लक्ष्य टिपलं, तेही जोरदार आघातानिशी. असा भाला जेमतेम १० मीटरपर्यंतच कामाचा, हा जुना समज मोडला. अडाणी हातांऐवजी सरावलेले हात घेतले, ही या प्रयोगाची खरी ताकद. आयुष्यभर भाला वापरणाऱ्याची तुलना कधीच न वापरलेल्याशी करून काय उपयोग?

मग अडचण कुठे आहे? ‘फेकता येतो’ आणि ‘फेकला जायचा’ यांच्या मधे. मैदानावरचं लक्ष्य पळत नाही, बिचकत नाही. तळ्याकाठच्या घोड्याचं तसं नसतं. प्रयोगाने शक्यतेची मर्यादा वाढवली, पण सवय सिद्ध केली नाही. बातम्यांचे मथळे मात्र थेट सवयीवर पोचले.

अर्थात जुन्या समजाचा पायाही कच्चाच होता. स्टीव्हन चर्चिल यांनी १९९३ मध्ये जगभरच्या शिकारी समाजांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यात हाताने फेकलेल्या भाल्याचं सरासरी अंतर सुमारे ८ मीटर आलं. पण सरासरी म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. दगडी किंवा धातूचं पातं नसलेले नुसते लाकडी भाले टास्मानियातले मूळ रहिवासी शिकारीत आणि लढाईतही फेकत असत.

मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो तो इथेच. ‘फेकायचा की खुपसायचा’ असे दोनच कप्पे का? लांबून फेकून जनावर जखमी करायचं आणि मग जवळ जाऊन दुसऱ्या भाल्याने संपवायचं, यात विसंगत काय आहे? जर्मनीतच नॉयमार्क-नॉर्डला हरणाच्या सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर भाल्याच्या जखमा सापडल्या. २०१८ च्या अभ्यासाने त्यातला एक वार जवळून, कमी वेगाने खुपसल्याचा ठरवला. ठीक आहे, पण त्यातून तो एक वार कळतो, त्या भाल्याचं सगळं आयुष्य कळत नाही.

आणि बुद्धीचाच पुरावा हवा असेल तर मीटर मोजायची गरज नाही. शोनिंगेनचे भाले बघा. सावकाश वाढलेलं, घट्ट लाकडाचं झाड निवडलंय. टोक तासताना मधला मऊ गाभा टाळून ते किंचित बाजूला काढलंय. हे करणाऱ्याला लाकूड कळत होतं, आणि शिकार समोर नसताना तिची तयारी करायची हेही कळत होतं. भाला पुढे हातातून सुटला की हातातच राहिला, त्याने यात काही फरक पडत नाही.