बनगरवाडी : वस्ती की मुक्काम?

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर आजवर इतके लिहिले गेले आहे, की तिच्यावर पुन्हा लेखणी उचलणाऱ्याने आधी वाचकांची क्षमा मागणे बरे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही लहानशी कादंबरी आपण शाळा-कॉलेजांतून वाचली. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर काढलेला चित्रपटही पुष्कळांनी पाहिला. तिची थोरवी सांगताना 'ग्रामीण जीवनाचे जिवंत चित्र' हे शब्द ठरल्यासारखे येतात. ते खोटे नाहीत. पण चित्र भिंतीवर टांगून विसरता येते. मला ही कादंबरी प्रत्येक वाचनात एक प्रश्न घालते : माणसाचे गाव नेमके कशात असते? घरात, की जित्राबात?

हा प्रश्न ज्या मातीतून येतो तो माणदेश सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या शिवेवरचा उघडा माळ. पश्चिमेचे डोंगर ढगांतले पाणी आधीच काढून घेतात आणि या पठाराच्या वाट्याला वारा तेवढा येतो. असल्या भुईवर शेतीच्या भरवशावर कोण बसणार? म्हणून इथला धनगर मेंढरांवर जगतो. शेत जागचे हलत नाही. मेंढरू चारा असेल तिकडे चालू लागते. घर मातीचे, आढ्यावर थोडे गवत. खरे धन चार पायांचे. तेव्हा वाडी ही वस्ती दिसत असली, तरी तिच्या पोटात मुक्काम दडलेला आहे.

अशा वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो. शाळा नावालाच असते. पोरे मेंढरांमागे गेलेली. म्हातारा कारभारी मनावर घेतो तेव्हा कुठे वर्ग भरू लागतो. पुढे या राजाराम मास्तराच्या डोक्यात तालमीची कल्पना येते. वाडीजवळ पैसा नाही, पण हात आहेत. त्या हातांनी तालीम उभी राहते आणि संस्थानचे राजेसाहेब ती पाहायला येतात. हा भाग वाचताना ऊर भरून येतो, आणि बहुतेक टीकाकार इथे एकजुटीचे गुणगान करून थांबतात. मला मात्र इथे लेखकाची खरी दृष्टी दिसते. मास्तर भला आहे, वाडीवर त्याचा जीव आहे. परंतु तो चिरेबंदी जगातून आलेला आहे. शाळा, तालीम, हजेरीपट : त्याने आणलेले सारे एका जागी राहणारे आहे. चालत्या माणसांना तो प्रेमाने एका छपराखाली बसवू पाहतो. ती त्याच्या प्रेमाखातर बसतात. किती दिवस बसणार, हे मात्र पावसाच्या हाती असते.

माडगूळकर हे कुठेही बोलून दाखवीत नाहीत. स्वतः माणदेशी आणि कोवळ्या वयात मास्तरकी केलेला हा लेखक शब्द मोजून वापरतो. शेकूच्या औताला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी जू घेते. दुसऱ्या एखाद्याने या प्रसंगावर चार पाने करुणा ओतली असती. इथे ती बाई जू ओढते, रान पेरले जाते आणि कथा पुढे सरकते. या संयमामुळेच आयबू काय, चोरी करणारा आनंदा रामोशी काय, कोणीही दयेचा विषय होत नाही.

मग कारभारी जातो, पाऊस पाठ फिरवतो आणि वाडी उठते. एकेक बिऱ्हाड मेंढरे हाकीत नाहीसे होते. राम देशमुख यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, त्याला त्यांनी 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स', म्हणजे 'गावाला भिंती नव्हत्या', असे नाव दिले. मर्म अचूक पकडणारे नाव! जिथे भिंती नाहीत तिथे ओसाड पडायला वेळ लागत नाही. उरते ती तालीम.

इथे एक दूरची तुलना करावीशी वाटते. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस, मारापी ज्वालामुखीच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात मिनांगकबाऊ लोकांची खेडी आहेत. म्हशीच्या शिंगांसारखी टोके वर गेलेले छप्पर, भोवती भातखाचरे. हे लोक मुसलमान. तरी वडिलार्जित घर आईकडून मुलीकडे जाते. तरुण मुलाने मुलूख सोडून नशीब काढायला जावे, ही तिथली जुनी रीत. म्हणजे जाणे तिथेही आहेच; परंतु पुरुष जातो आणि बाई घर धरून राहते, म्हणून परतायला दार उरते. बनगरवाडीत शेकूची बायको जू ओढते, पण घर तिचे नाही, रान तिचे नाही. दुष्काळ आला की बाई, बाप्या, पोरे, कोकरे सारी एकदमच निघतात. मागे दिवा लावायला कोणी राहत नाही.

याच ठिकाणी कादंबरीची मर्यादाही दिसते, ती सांगितली पाहिजे. निवेदन मास्तराचे असल्यामुळे कथा मास्तराच्या पायाने चालते. वाडी निघून जाते आणि आपण त्याच्याबरोबर रिकाम्या घरांत उभे राहतो. ती माणसे कुठल्या ओढ्याकाठी उतरली, वाटेत किती मेंढरे मेली, कुठल्या बाईची कूस उजवली, हे आपल्याला कळत नाही. रितेपणाचे दुःख राहणाऱ्याचे आहे. जाणाऱ्याच्या दुःखाची कादंबरी अजून कोणीतरी लिहायची आहे.

आमच्या शिरपूरच्या शिवारातही सुगी उरकली की मेंढरांचे कळप उतरतात. वावरात चार रात्री कळप बसला म्हणजे खत मिळाले, एवढाच हिशेब गाव करते. कळपामागच्या पोरांची नावे कुठल्या शाळेच्या पटावर आहेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचे भवितव्य पटावरच्या आकड्यांवरून ठरू पाहते. पट कमी झाला, की शाळा बंद करण्याची भाषा निघते. पोरे का गेली आणि कुठे गेली, हा प्रश्न कागदावर येत नाही. बनगरवाडीच्या मास्तरालाही त्याचे उत्तर सापडले नाही; पण तो रिकाम्या वाडीत उभा राहिला आणि त्याला ती माणसे नावानिशी आठवत होती. सत्तर वर्षांनी आपल्यालाही ती नावे पाठ आहेत, हे एका लहान पुस्तकाचे मोठे काम होय.