संगणकावरील मराठी आणि अविश्वासाचा निकष : एक चिकित्सा

प्रस्तावना

दैनंदिन वापरातील तंत्रज्ञान पुरविणाऱ्या बड्या कंपन्यांविषयीचा अविश्वास हा आता केवळ संगणकतज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही. अँड्रॉइडच्या संदर्भात बाजारपेठेतील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, पण सुस्थितीत असलेले संगणक बाद ठरण्याची वेळ आली. अशा घटनांमुळे 'बड्या कंपन्या टाळा, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारा' हे सूत्र सहज पटते. तथापि कंपनीचा आकार हाच अविश्वासाचा निकष मानला, तर मराठी संगणकलेखनाच्या पुण्यातील इतिहासाचा उलगडा होत नाही. हा निकष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुण्याचा अनुभव

संगणकावर मराठी आणण्याचे मोठे श्रेय पुण्याकडे जाते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्री-लिपी' मराठी मुद्रणव्यवसायात सर्वतोमुखी झाले. संगणकप्रणालींमध्ये देवनागरीची सोयच नव्हती, त्या काळात या मंडळींनी केलेले काम मोलाचे होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांच्यावाचून मराठी ग्रंथव्यवहार खिळ्यांच्या छपाईतून बाहेर पडण्यास आणखी विलंब लागला असता.

परंतु या सोयीची किंमतही होती. राष्ट्रीय मानक अस्तित्वात असूनही मुद्रणासाठीचे बहुतेक फॉन्ट आपापल्या खासगी संकेतांवर चालत. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरी अक्षरांची, अर्ध्या अक्षरांची आणि मात्रा-वेलांट्यांची चित्रे बसविलेली असत. कोणत्या जागी कोणते चित्र, हे प्रत्येक निर्माता स्वतः ठरवी. परिणामी संगणकाच्या लेखी तेथे मराठी मजकूर नव्हताच. होती ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ. विशिष्ट फॉन्ट असेपर्यंत ती मराठी दिसे. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. काही पॅकेजांसोबत संगणकाला जोडायचे 'हार्डवेअर लॉक' येई. हे कुलूप उघडपणे दिसत तरी असे. संकेतांचे कुलूप मात्र फाइल दुसऱ्या संगणकावर उघडेपर्यंत लक्षातही येत नसे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे कुलूप कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीने घातलेले नव्हते. ते स्थानिक उद्योगांच्या आणि शासकीय संस्थांच्या साधनांतून, आपल्याच सोयीसाठी आणि आपल्याच संमतीने आले होते. स्वदेशी असणे आणि मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सुटका कोणी केली?

या कोंडीतून वाट निघाली ती युनिकोडमुळे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. युनिकोड कन्सॉर्शियममागे प्रामुख्याने अमेरिकेतील मोठ्या संगणक कंपन्याच होत्या. म्हणजे ज्यांच्यावर अविश्वास ठेवावा असे आपण म्हणतो, त्यांच्याच पुढाकाराने मराठी मजकूर कोणत्याही एका विक्रेत्याच्या हातून सुटला. याचे कारण त्या कंपन्यांची सदिच्छा नव्हे. मानक सर्वांसाठी जाहीर होते आणि कोणालाही त्यावर काम करता येत होते, हे त्याचे खरे कारण आहे.

याच पायावर मुक्तस्रोताचे काम उभे राहिले. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून 'लोहित' या मुक्त परवान्याच्या फॉन्टमालिकेची देखभाल झाली. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप आणि सिंबायोसिसच्या संगणक अध्ययन संस्थेतील 'ग्नूनिफाय' या मेळाव्यांनी विद्यार्थ्यांना या चळवळीची ओळख करून दिली. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'बलू'सारखे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. ते गूगलच्याच फॉन्टसंग्रहातून सर्वदूर पोहोचले, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

मुक्त परवान्याची मर्यादा

तथापि केवळ परवाना मुक्त असल्याने प्रश्न सुटतो, असेही नाही. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे आणि त्याची मूळ संहिता खुली आहे. तरीही आपल्याकडील बहुतेक अँड्रॉइड फोन गूगलच्या बंदिस्त सेवांवर विसंबून असतात. रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमच्या मालकीची झाली. संहिता मुक्त राहिली तरी ती सांभाळणारे हात कोणाच्या पगारावर आहेत, हा प्रश्न उरतोच. फरक एवढाच की, मुक्त परवान्याच्या बाबतीत एकाने सोडलेले काम दुसऱ्याला उचलता येते. परंतु ते उचलणारे कोणीतरी असावे लागते. केरळात 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग'सारखा भाषाप्रेमींचा आणि तंत्रज्ञांचा गट ही जबाबदारी घेताना दिसतो. मराठीत भाषेचे अभ्यासक आणि संगणकाचे जाणकार यांची अशी भेट क्वचितच घडते. ही उणीव कोणत्याही कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

आपल्या दारातील प्रश्न

हा विषय महाविद्यालयांच्या थेट जिव्हाळ्याचा आहे. विभागातील कपाटात १९९८ सालची एखादी सीडी असेल, तर तिच्यातील मराठी स्मरणिका आज वाचता येईलच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती जमा होऊ लागल्या आणि 'शोधगंगा'वर उपलब्ध होऊ लागल्या. पण जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मराठी प्रबंध पडद्यावर नीट दिसला, तरी त्यातील शब्द शोधता येत नाही. असा प्रबंध अस्तित्वात असूनही पुढील संशोधकासाठी नसल्यासारखाच असतो. जुन्या फाइलींचे रूपांतर म्हणजे केवळ एका चिन्हाऐवजी दुसरे चिन्ह ठेवणेही नव्हे. 'कि' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी आणि मग 'क' येतो. युनिकोडमध्ये आधी 'क' येतो. रफाराचा क्रमही असाच बदलतो. त्यामुळे रूपांतरानंतर भाषा जाणणाऱ्या व्यक्तीने मुद्रितशोधन करणे अपरिहार्य ठरते. हे काम जितके लांबेल, तितके जुने फॉन्ट आणि ते जाणणारे अक्षरजुळणीकार दुर्मीळ होत जातील.

समारोप

बड्या कंपन्यांविषयीचा अविश्वास अनाठायी नाही. तो अपुरा आहे. एखादे साधन स्वीकारताना निर्माता किती मोठा, परदेशी की स्वदेशी, एवढेच विचारून भागत नाही. उद्या हे साधन बंद पडले तर आपला मजकूर आपल्याला अन्यत्र वाचता येईल काय, हा प्रश्न विचारला पाहिजे आणि तो मोफत मिळणाऱ्या साधनांनाही लागू केला पाहिजे. प्रबंधाची युनिकोडमधील मूळ प्रत खुल्या स्वरूपात स्वीकारणे, नियतकालिकांनी विशिष्ट फॉन्टची अट काढून टाकणे आणि जुन्या फाइलींच्या रूपांतराचे काम मराठी व संगणकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन हाती घेणे, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.