तापाची बातमी आणि बातमीचा ताप

गोदावरीला पूर आला म्हणजे आमच्या पंचवटीत एकच प्रश्न विचारला जातो : "मारुतीला पाणी कुठवर आले?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे आमचे मोजमाप. पाणी गुडघ्याला लागले की घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या, कमरेला लागले की काठच्या दुकानदारांनी माल वर चढवायचा, आणि गळ्याशी आले की मग कोणी कोणाला काही सांगावे लागत नाही. पुराची हकिकत सांगणारा कितीही तिखटमीठ लावो, मारुती जागचा हलत नाही. म्हणून पंचवटीकर पुराला भितो, पण पुराच्या बातमीला भीत नाही.

हे आठवायचे कारण असे की, यंदा दिवाळीच्या आवराआवरीत वृत्तपत्रांच्या कात्रणांचे एक जुने बाड हाती लागले. २००९ च्या ऑगस्टातली ती कात्रणे. शाळेतल्या वार्ताफलकासाठी मीच कापून ठेवलेली. झाडू बाजूला ठेवून खाली बसलो आणि एखादे पुस्तक परीक्षणासाठी यावे तशी ती वाचून काढली. मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. तेव्हा रोगाविषयी मी काय बोलणार? परंतु शब्दांविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा.

प्रथम घडले ते सांगतो. हा नवा फ्लू २००९ च्या वसंतात मेक्सिकोत दिसला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने ती जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. ३ ऑगस्टला पुण्यात एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली. भारतातला हा पहिला मृत्यू. त्यानंतरचे पंधरा दिवस पुणेकर विसरले नसतील. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा, काळ्या बाजारात गेलेले मास्क, रुमालात बांधलेल्या कापूर-वेलदोड्यांच्या पुरचुंड्या, बंद शाळा, बंद चित्रपटगृहे. प्लेगच्या वेळचा, १८९७ सालचा साथरोग कायदाही पुण्यासाठी पुन्हा बाहेर निघाला.

आता या घटनांचे गद्य पाहा. पहिल्या आठवड्यातच सारी मोठी क्रियापदे खर्ची पडली आहेत. साथीने 'थैमान' घातले, शहराला 'विळखा' पडला, जिकडेतिकडे 'हाहाकार' माजला. नवशिका कादंबरीकार पहिल्याच प्रकरणात नायिकेला तीनदा मूर्च्छा आणतो आणि पुढच्या वीस प्रकरणांत काय करावे हे त्याला कळत नाही, तसे हे झाले. दूरचित्रवाणीने तर रात्रंदिवस तेच शब्द लाल पट्टीवर फिरवले.

नावाचेही असेच. १९१८ साली इन्फ्ल्यूएंझा मुंबईत उतरला आणि देशभर पसरला. त्यात भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. आपल्या आज्यापणज्यांनी त्या तापाला 'मानमोडी' म्हटले. ज्यांनी तो अंगावर काढला त्यांनी दिलेले ते नाव. त्यात ठणका आहे. २००९ चे नाव तारेवरून आले. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलअखेरीसच डुकराचे नाव टाकून दिले होते, कारण हा रोग डुकराचे मांस खाऊन होत नव्हता. तो माणसाकडून माणसाला होत होता. आपण मात्र 'स्वाइन फ्लू'च धरून बसलो.

पण या साऱ्यांत मला बोचतो तो निराळाच शब्द : 'संशयित'. हा पोलीसचौकीतला शब्द. चोरीचा संशयित, खुनाचा संशयित. तो तापलेल्या माणसाला लावला गेला, आणि मोजण्यासाठी दुसरा शब्द आला 'बळी'. पहिला बळी, तिसरा बळी, दहावा बळी. आपण ज्या बळीचे राज्य यावे म्हणून पाडव्याला ओवाळतो त्याचे नाव धावसंख्येसारखे छापले जात होते.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्या ऑगस्टात माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा दोन-तीनदा शिंकला. अंगही किंचित कोमट होते. त्याचा मामा आदल्या आठवड्यात पुण्याहून येऊन गेला होता. मी त्याला घरी पाठवले. एवढे योग्यच होते. पण हजेरीपटाच्या शेऱ्यात मी लिहिले : 'संशयित'. वर्गनायकाने ते वाचले. संध्याकाळपर्यंत ते त्यांच्या गल्लीत पोचले. बाप घाटावर पूजेचे साहित्य विकणारा; चार दिवस त्याच्या पाटीपुढे गिऱ्हाईक उभे राहिना. मुलगा आठव्या दिवशी परत आला. त्याला पडसे झाले होते, दुसरे काही नाही. मधल्या सुट्टीत त्याने मला विचारले, "सर, माझ्यावर संशय कसला होता?" शब्द वृत्तपत्राचा होता, पण हात माझा होता. मला उत्तर सुचले नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की वृत्तपत्रांनी उगीच आरडाओरडा केला, नसत्या रोगाचा बागुलबुवा केला. हे परीक्षण इथे संपवणे सोपे आहे. पण ते खरे होणार नाही. सरकारी आकडे पाहा. प्रयोगशाळेत निदान झालेल्यांपैकी २००९ साली देशात ९८१ रुग्ण मरण पावले. २०१० साली १,७६३. आणि २०१५ साली जवळजवळ ३,०००. म्हणजे ज्या वर्षी आपण सर्वांत मोठ्याने ओरडलो त्याच्या पुढच्याच वर्षी माणसे अधिक मेली, आणि माझ्या बाडात २०१० चे एकही कात्रण नाही. १० ऑगस्ट २०१० ला जागतिक साथ संपल्याचे जाहीर झाले. इकडे पावसाळ्यात माणसे दगावतच होती.

त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक सून तापाने पडली. सातवा महिना होता. या फ्लूत गरोदर बाईला धोका अधिक, आणि औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर त्याचा गुण चांगला, हे सांगायला खरे तर एका चौकटीची जागा पुरली असती. पाचव्या दिवशी मी तिच्या सासूबाईंना म्हटले, "काकू, तो फ्लू तर नसेल? तपासून घ्या." त्या म्हणाल्या, "अहो, ते गेल्या वर्षी होतं ना?" सहाव्या दिवशी तिला नेले. ती परत आली नाही. आधी नेली असती तर वाचलीच असती, असे मी म्हणणार नाही. परंतु काकूंचे ते वाक्य काकूंचे नव्हते. रोग म्हणजे बातमी आणि बातमी संपली म्हणजे रोग संपला, हे त्यांना कोणी शिकवले?

न्यायाने हेही लिहिले पाहिजे की तपासणी केंद्रे कुठे आहेत, मास्कचे भाव कोण चढवतो, हे वृत्तपत्रांनीच सांगितले. आणि हात धुण्याची सवय आमच्या मुलांना त्या भीतीनेच लागली. माझी तक्रार आवाजाविषयी नाही, मोजमापाविषयी आहे. तीस लाखांच्या शहरात तापाचे किती, त्यांतले गंभीर किती, नेहमीच्या पावसाळ्याहून किती जास्त, हे सांगणारा मारुती त्या पात्रात कोणी उभाच केला नव्हता. मग ज्याला जसे दिसेल तसे पाणी.

त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. २०२० च्या मार्चात करोना आला तेव्हा तेच थैमान, तोच विळखा पुन्हा छापून आला, आणि आमच्या पारावर लोक म्हणाले, "स्वाइन फ्लूच्या वेळीही असेच म्हणत होते." २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या दिवशी 'हाहाकार' हा शब्द अक्षरशः खरा होता. पण तो इतक्यांदा वापरून झाला होता की त्याने कोणाच्या काळजाला हात घातला नाही. ज्यांची माणसे गेली, त्यांना तो कधीच पुरणार नव्हता.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा कडू घास वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पुढची साथ येईल, कारण साथी येतच असतात. त्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी वृत्तपत्र हाती घेऊन तीन प्रश्न विचारावेत : कितीपैकी किती? नेहमीपेक्षा किती अधिक? आणि आपल्या घरात कोणी तापले तर कितव्या दिवशी कुठे न्यायचे? उत्तरे असतील तर ते वृत्तपत्र जपून ठेवावे. नसतील तर त्यात चकल्या बांधाव्यात. आणि तापलेल्या पोराला काय म्हणायचे ते मी आता ठरवले आहे. शेऱ्यात मी लिहितो : 'आजारी'.