गोष्टीत शिरलेला प्रेक्षक कोण?

हेडसेट डोळ्यांवर चढवला की माणूस थेट गोष्टीत शिरतो, असं आभासी वास्तवाचे पुरस्कर्ते सांगत आले आहेत. शिरतो हे खरं. पण तिथे तो कोण असतो, हे ठरवण्याचं काम बहुतेक रचनाकार अर्धवट सोडतात. पडद्यावरची आणि पायाखालची जागा एकत्र गुंफून गोष्ट सांगणाऱ्या या कलेचं मुख्य दुखणं मला हेच वाटतं.

चित्रपट-दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितूचं 'कार्ने इ अरेना' हे आभासी वास्तवातलं काम २०१७मध्ये कान महोत्सवात आलं आणि त्याच वर्षी ऑस्कर अकादमीने त्याला विशेष पुरस्कार दिला. प्रेक्षक एकटाच आत जातो. आधी गारठलेल्या खोलीत बूट-मोजे काढून थांबायचं. भोवती वाळवंटात सापडलेली स्थलांतरितांची पादत्राणं. मग अनवाणी वाळूवर उभं राहून हेडसेटमध्ये मेक्सिकोकडून अमेरिकेत शिरणारी माणसं आणि त्यांना पकडणारे सीमारक्षक पाहायचे. अवघी साडेसहा मिनिटं. कुणाच्या देहात शिरलात तर त्याचं धडधडतं हृदय दिसतं. स्थलांतरितांच्या लेखी तुम्ही नसता, तरी बंदूक मात्र तुमच्यावर रोखली जाते. साक्षीदार की पकडलेला, याचं उत्तर मिळत नाही. ती वाळू आणि तो गारठा मात्र खोटं बोलत नाहीत. माझ्या मते या कृतीचं खरं बळ हेडसेटपेक्षा त्यांच्यात आहे.

'पंचड्रंक' या नाट्यसंस्थेने हा प्रश्न सरळ सोडवला. मॅकबेथवर बेतलेल्या 'स्लीप नो मोअर'मध्ये प्रेक्षकांना मुखवटे दिले आणि बोलायला मनाई केली. तुम्ही पिशाच्च आहात, हवं तिथे भटका. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली सुरू झालेला हा प्रयोग २०२५च्या जानेवारीपर्यंत चालला. भूमिका छोटी, पण नेमकी.

याहून पुढची झेप मात्र फार आधी, २००३मध्ये लंडनला घेतली गेली होती. 'ब्लास्ट थिअरी' या कलावंतगटाने नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांसोबत 'अंकल रॉय ऑल अराउंड यू' रचलं. काही खेळाडू रस्त्यावर, काही आंतरजालावर. रस्त्यावरचा खेळाडू पाकीट, किल्ल्या, फोन सगळं जमा करून हातात मावणारा संगणक घेई आणि साठ मिनिटांत अंकल रॉयला शोधायला निघे. दुसरे त्याला शहराच्या आभासी प्रतिकृतीत पाहत आणि संदेश धाडत. ते मदत करताहेत की चकवताहेत, हे ज्याचं त्याने ओळखायचं. शेवटी दोघांनाही एकच प्रश्न: पुढचे बारा महिने एका अनोळखी माणसाच्या अडचणीला धावून जाल का? होकार देणाऱ्यांच्या जोड्या लावल्या जात. चित्रांची सफाई तेव्हा कुठली असणार! पण इथे प्रेक्षकाची निवड कुणावर तरी परिणाम करत होती, आणि तो कुणी तरी हाडामांसाचा होता. खेळ संपला तरी दिलेला शब्द उरत होता.

जॅनेट कार्डिफ आणि जॉर्ज ब्यूरेस मिलर यांनी २०१२मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या जुन्या रेल्वे स्थानकात केलेली दृश्यफेरीही विसरता येत नाही. हातातल्या छोट्या पडद्यावर त्याच जागेचं आधी टिपलेलं चित्रण चालतं. तुम्ही तिथेच उभे, आणि पडद्यावरची माणसं समोर नाहीत. नाझी काळात याच स्थानकातून ज्यूंची छळछावण्यांकडे रवानगी झाली होती. नसलेल्या माणसांची जाणीव जागवायला इथे जागाच पुरेशी ठरते.

उलट, डिझ्नीचं फ्लोरिडातलं 'गॅलॅक्टिक स्टारक्रूझर' हे गोष्टीत राहण्याचं हॉटेल पाहा. दोन रात्री, नट, खोल्या, फोनवरचं अॅप, दोघांना सुमारे ४,८०० डॉलर. मार्च २०२२मध्ये सुरू झालेलं हे प्रकरण सप्टेंबर २०२३मध्ये बंद पडलं. इतका पैसा ओतून कथेची कितीतरी सूत्रं अॅपच्या पडद्यावर सोपवणं मला रचनेतला घोटाळा वाटतो. खोलीभर नट असताना प्रेक्षकाने फोनकडे का पाहावं?

आज ब्लास्ट थिअरीला लागलेली यंत्रसामग्री बहुतेकांच्या खिशात आहे. तरीही शहरोशहरी गर्दी खेचतात ती व्हॅन गॉगची चित्रं भिंतींवर मोठी करून फिरवणारी दालनं. तिथे प्रेक्षक आला काय, गेला काय, भिंतीवरचं चित्र ठरल्या वेळी पुढे सरकतंच.