चाल मोजणारा स्वस्त कॅमेरा

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये 'किनेक्ट' बाजारात आणला तो घरगुती खेळांसाठी, सुमारे दीडशे डॉलरना. समोर अवरक्त ठिपक्यांची जाळी टाकायची, ठिपके कसे सरकले यावरून अंतरे काढायची आणि त्यांतून माणसाचे वीस सांधे ओळखायचे, हे काम तो सेकंदाला तीस वेळा करी. चालीच्या प्रयोगशाळेत यासाठी अंगावर चकचकीत गोळ्या चिकटवतात, भोवती अनेक महागडे कॅमेरे लावतात. तेव्हा संशोधकांनी हे खेळणे उचलले यात नवल नाही. 'प्रयोगशाळेला स्वस्त पर्याय' हे शब्द मात्र मला खटकतात.

चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी किनेक्ट चांगली मोजतो, हे अनेक तपासण्यांत दिसले आहे. (एकदाच वेग हवा असेल, तर खडूच्या दोन रेघा आणि स्टॉपवॉचही पुरते!) अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या गटाने वृद्धांच्या घरांत तो बसवून त्यांच्या रोजच्या चालीवर लक्ष ठेवले, पडण्याचा धोका आधी कळावा, हा हेतू. हे काम मोलाचे आहे. डॉक्टरांसमोर माणूस सावरून चालतो, घरी नाही.

पण घोट्याचा कोन? पाऊल टेकले की कॅमेऱ्याला पाऊल आणि फरशी वेगळी काढणे जड जाते. वेळेचेही तसेच. दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा काळ निरोगी माणसात सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे तीन चित्रे. एका चित्राची चूक झाली की उत्तर एक तृतीयांशाने चुकले. शिवाय कॅमेऱ्याचा पल्ला साधारण ०.८ ते ४ मीटर. सेकंदाला १.२ मीटर वेगाने येणारा माणूस तो तीन सेकंदांच्या आत संपवतो. पाचएक पावलांवरून निवाडा करायचा!

याहून गंभीर दोष आकडेमोडीत आहे. महागड्या यंत्राशी सहसंबंध उत्तम आला की साधन पास, असे अनेक जण मानतात. नेमके दहा मिनिटे मागे असलेल्या घड्याळाचा बरोबर घड्याळाशी सहसंबंध पूर्ण १ असतो. गाडी मात्र चुकते. दोन साधनांच्या मापांतला फरक काढा आणि तो किती पसरतो ते पाहा, असे ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये सांगितले होते. शस्त्रक्रियेनंतर गुडघा पाच अंश जास्त वाकू लागला, पण साधनच दहा अंश इकडेतिकडे होत असेल, तर सुधारला कोण, रुग्ण की आकडा?

आणखी एक. २०१३ च्या आवृत्तीने मोजण्याची पद्धतच बदलली, सांधे पंचवीस केले. २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन थांबले, २०२३ मध्ये त्याच्या वारसदाराचेही. पाच वर्षे एकाच रुग्णाची चाल पाहायची, तर जुन्या आकड्यांशी नवे जुळवायचे कसे? आता मोबाइलच्या चित्रफितीतून सांधे काढणाऱ्या आज्ञावल्या आल्या आहेत. 'स्वस्त पर्याय' हे शब्द त्यांच्याबरोबरही आलेच आहेत.