'कोर्ट' : ठरलेला पंच आणि पुढची तारीख

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' 2015 साली सुवर्णकमळ घेऊन आला. संयत सिनेमा म्हणून त्याचं कौतुक झालं. ठीक आहे. पण मित्रांनो, आपण चंद्रपूर-गडचिरोलीकडची पोरं तो पाहतो, तेव्हा पहिला सवाल येतो : हा संयम कुणाला परवडतो?

गोष्ट साधी. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने जीव दिला. कामगाराची बायको साक्षीत सांगते, अंगावर कसलं साधन नसायचं. खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर उतरायचं. एवढ्यावर खटला कोसळायला पाहिजे. कोसळत नाही. कांबळेला जामीन मिळतो, पुन्हा धरतात, आता यूएपीए. आणि कोर्ट उन्हाळी सुट्टीवर जातं.

ताम्हाणेची ताकद इथं आहे : त्याने खलनायक ठेवला नाही. खोट्या खटल्याला राक्षस लागत नाही. ठरलेला पंच, टाईप केलेला जबाब, पुढची तारीख. बस्स. कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे, 'विद्रोही'चे संपादक, आपल्याच चळवळीतले. म्हणून तो माणूस नट वाटतच नाही.

माझी तक्रार निराळी. कॅमेरा दोन्ही वकिलांच्या घरात जातो, न्यायाधीशाच्या सहलीलाही जातो. अटकेनंतर आरोपी मात्र बहुतेक तारखेपुरताच दिसतो. आणि खरी शिक्षा तर तारखांच्या मधेच भोगावी लागते.

आपल्याकडे बघा. 7 मार्च 2017 ला गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने प्रा. जी. एन. साईबाबांसह पाच जणांना जन्मठेप दिली. त्यात इथलाच आदिवासी, पांडू नरोटे. ऑगस्ट 2022 मध्ये तो नागपूरच्या तुरुंगात आजारी पडला नि मेला. 5 मार्च 2024 ला नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं : मंजुरी कायद्याला धरून नाही, जप्ती सिद्ध नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या घरझडतीला पोलिसांना निरक्षरच पंच कसा सापडला, यावरही कोर्टाने बोट ठेवलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. 11 मार्चला स्थगिती नाकारली गेली. पांडू निर्दोष सुटला, पण सुटायला पांडू नव्हता.

कांबळेकडे निदान गाणं होतं. पांडूचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक?

म्हणून म्हणतो, आपल्या समीक्षेने कविता वाचली तशी चार्जशीटही वाचावी. पंच कोण, सही कुणाची, तारीख कोणती. खोट्या ओळीने कविता पडते. इथं माणूस पडतो.